बासरी घेऊन ८ महिने झाले, एका डावखुऱ्याचा अनुभव

पहिली बासरी मी जत्रेत घेतली होती, दीडशे रुपयांची, रंगीत दोरे गुंडाळलेली. ती खरं तर हिशेबात धरायचीच नाही. तीन आठवडे मला वाटत होतं की माझाच ग बेसूर लागतोय, फुंक चुकतेय, बोटं नीट बसत नाहीयेत, आणि मग क्लासमध्ये सरांनी ती हातात घेऊन वाजवली तर त्यांचाही ग तसाच लागला. म्हणाले, "भिंतीवर लाव, छान दिसेल."

त्यानंतर नोव्हेंबरात जी घेतली तिच्याबद्दल हे लिहितोय. सी मीडियम, म्हणजे पेटीच्या पांढरी एक पट्टीची, साधारण दीड फूट, ९०० रुपये. मला हवी होती ई बेस, म्हणजे खर्जातली, पांढरी तीनची, अडीच फुटी, कारण हरिप्रसाद चौरसियांच्या हातात तसलीच मोठी बघितलेली ना. सरांनी सरळ नाही म्हटलं. मला राग आला होता, पण दुकानात ती लांबडी हातात धरली तेव्हा कळलं, करंगळीशेजारचं बोट सहाव्या भोकापर्यंत पोचतच नाही, आणि ओढूनताणून पोचलंच तर वरचं कुठलं तरी भोक उघडं पडतं. तेव्हा नवीन असाल तर मोठीच्या नादी लागू नका.

मी डावखुरा आहे, गिटारसारखी वेगळी मागवावी लागेल असं वाटलेलं, पण बासरीची भोकं एका सरळ रेषेत असतात, कुठल्याही बाजूला धरा. मोठ्या बासऱ्यांमध्ये कधीकधी शेवटचं भोक जरा बाजूला पाडलेलं असतं, तेवढं बघून घ्या. हरिप्रसादजी तर आधी उजवीकडे धरून वाजवायचे आणि त्यांच्या गुरू अन्नपूर्णादेवींकडे शिकायला लागल्यावर मुद्दाम डावीकडे आले, हे सरांनी सांगितलं तेव्हा मला उगाच भारी वाटलं (माझं त्यात कर्तृत्व शून्य).

पहिला आठवडा नुसती हवा. सूर यायला लागला तर चक्कर यायला लागली, कारण मी फुगा फुगवल्यासारखा जोर लावायचो. जोर कमी केला की सूर येतो हे पटायलाच महिना गेला. वरची ३ भोकं बंद केली की सा, २ बंद म्हणजे रे, १ बंद म्हणजे ग, इथपर्यंत सोपं. सहाच्या सहा बंद करून खालचा प मात्र दोन महिने आला नाही, कारण एका बोटाखालून केसाएवढी हवा जरी निसटली तरी तो लागत नाही आणि कुठलं बोट गळतंय तेही कळत नाही. शेवटी आरशासमोर बसलो, गळणारं तिसरं बोट निघालं.

सरांनी भूप रागच आधी का दिला तेही नंतर कळलं. त्यात म आणि नी नाहीत, सगळे सूर पूर्ण भोकांवर मिळतात. मग यमन, त्यातला तीव्र म तर सगळी भोकं उघडी ठेवली की आयताच येतो. खरी गोची शुद्ध म ची, पहिलं भोक अर्धंच झाकायचं, आणि अर्धं म्हणजे किती हे रोज वेगळं असतं! दुर्गा रागात तो सारखा येतो, तिथे मी अजून अडखळतो. तानपुऱ्याचं अॅप लावूनच बसतो, त्याच्याशिवाय आपण बेसूर आहोत हे आपल्याला कळतच नाही. सूर दाखवणाऱ्या ट्यूनरच्या काट्याकडे मात्र सारखं बघू नका, बासरी ओठांवर जराशी आत वळवली की सूर उतरतो, बाहेर वळवली की चढतो, मग काटा गाठायच्या नादात ओठच हलत राहतात.

आता सांभाळायचं. डिसेंबरात पहाटे ती खाली लागायची, मला वाटलं बिघडली, पण थंड हवेत सूर उतरतोच, पाचेक मिनिटं वाजवून गरम झाली की ठीक. एप्रिलमध्ये मी शहाण्याने ती भर दुपारी गाडीच्या डिकीत ठेवली आणि खालच्या टोकाला दोन बोटं लांबीची चीर गेली. सुदैवाने भोकापर्यंत गेली नाही. सरांनी चिरेत फेव्हिक्विक सोडून वरून दोरा घट्ट गुंडाळून दिला, सूर शाबूत आहे. तेव्हापासून महिन्यातून एकदा आतून मोहरीच्या तेलाचा हलका हात, आणि आता पावसात वाजवून झाली की फडकं फिरवून लगेच पिशवीत न कोंबता थोडा वेळ बाहेर ठेवतो, नाहीतर बुरशी धरते.

मागच्या आठवड्यात दुसरी घ्यायचा विषय काढला होता. सर म्हणाले आधी संगीताची प्रारंभिक परीक्षा दे. तर तिथेही हीच, दोऱ्यासकट.