ॲनोरेक्सियातून सावरताना कॅलरी कशा धरायच्या: फॉर्म्युला, किलोमागे हिशोब की मशीन?

पोरगी लातूरला क्लासेसला, मेसचा डबा तसाच परत यायला लागला, आणि आता ॲनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढायच्या भीतीनं खाणंच टाळायच्या मानसिक आजाराचं, निदान झालंय, तर घरच्यांचा पहिला प्रश्न हाच की रोज किती कॅलरी द्यायच्या.

ऑनलाईन कॅल्क्युलेटरमागं बहुतेक दोन फॉर्म्युले असतात, 1919 चा हॅरिस-बेनेडिक्ट नाहीतर 1990 चा मिफ्लिन. 18 वर्षांची, 160 सेंमी, 40 किलोची मुलगी धरली तर पडून राहायला लागणारी ऊर्जा पहिल्यात साधारण 1250 येते, दुसऱ्यात 1150. दोन्ही धडधाकट माणसांवर बेतलेत, उपाशी शरीर खर्च आवळून धरतं म्हणून खरा आकडा याच्याही खाली असू शकतो, आणि खाणं वाढलं की तेच शरीर जास्त जाळायला लागतं, तेव्हा हाच फॉर्म्युला तोकडा पडतो. म्हणून मला तरी हा पर्याय सगळ्यात कच्चा वाटतो.

श्वासातला ऑक्सिजन मोजणारं मशीन सगळ्यात अचूक, पण ते तालुक्याला कुठं मिळणार, आणि तेही त्या दिवसापुरतंच सांगतं.

राहिला किलोमागे हिशोब. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या 2006 च्या गाईडलाईनमध्ये सुरुवात वजनाच्या किलोमागे रोज 30 ते 40 कॅलरी, म्हणजे याच मुलीला 1200 ते 1600, आणि वजन वाढवताना काहींना 70 ते 100 पर्यंत, म्हणजे चक्क 2800 ते 4000! इथंच घरचे चुकतात, पोरगी 2000 खायलीय तरी वजन हलंना म्हणून तिच्यावरच संशय घेतात, रागावतात. लपवाछपवी या आजारात असते हे खरंय, पण बऱ्याचदा शरीरच तेवढं मागत असतं. मग ताटाचा ढीग करू नका, धपाट्यावर मोठा चमचा तूप म्हणजे सुमारे 120, मूठभर शेंगदाणे म्हणजे 170 च्या आसपास.

माझं मत विचाराल तर सुरुवात किलोमागे हिशोबानं, पण डॉक्टरांनी ठरवलेली, आणि पुढचा आकडा दर आठवड्याच्या वजनावरून. आकडा तिच्यासमोर घोकू नका.

अलीकडं हॉस्पिटलात 2000 पासूनही सुरुवात करतात, पण तिथं रक्त वारंवार तपासतात. घरी मनानं तसं करू नका, लई दिवसांच्या उपाशी शरीरात अन्न एकदम गेलं की फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरतं, जीवावर बेतू शकतं. पहिल्या दोन आठवड्यांत पायाला सूज, धाप, छातीत धडधड किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर फोनवर विचारत बसू नका, तडक ॲडमिट करा.