रजिस्ट्री खरी, प्लॉट मात्र बगीच्याच्या जागेतला

रजिस्ट्री झाली, स्टॅम्प ड्युटी भरली, सूची क्रमांक 2 (नोंदणीचा उतारा) हातात आली. घराचा नकाशा मंजुरीला टाकल्यावर कळतं, की 30 बाय 50 फुटांचा हा प्लॉट मंजूर लेआउटमध्ये नाहीच. तिथे बगीच्यासाठी सोडलेली मोकळी जागा आहे. नागपूरच्या कडेच्या वस्त्यांत अशी जागा प्लॉट म्हणून विकायचा धंदा टिकतो, कारण यात बनावट कागद लागत नाही.

0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये किमान 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एका एकरात ती सुमारे 4,350 चौरस फूट, म्हणजे जवळजवळ तीन प्लॉट. मंजूर नकाशात 41 नंतर 42 येतो; दलालाच्या रंगीत नकाशात मधेच 41-अ उगवतो. (‘अ’ दिसला की खोटंच असं नाही, रीतसर पोटविभागणीही असते.) सातबारा बघून उपयोग नाही, कारण बऱ्याचदा अख्खा खसरा (सर्व्हे नंबर) अजून शेतकऱ्याच्या किंवा संस्थेच्याच नावावर असतो. दुय्यम निबंधकाकडची नोंदणी म्हणजे लेआउटची मंजुरी नव्हे.

शंका काढली की ‘आरएल (नियमितीकरण पत्र) आहे ना’ म्हणून झेरॉक्स पुढे करतात. ती शेजारच्या प्लॉटची असते, नाहीतर नुसती डिमांड नोट. डिमांड नोट म्हणजे शुल्काची मागणी; नियमितीकरण पत्र वेगळं. ‘गुंठेवारीत (परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट नियमित करणाऱ्या कायद्यात) होऊन जाईल’ हे तर सरळ गाजर आहे. 2001 च्या त्या कायद्यात कोणत्या तारखेपर्यंतचे प्लॉट नियमित होतात, ती मर्यादा 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली, पण ती सवलत बगीच्याची जागा विकायला नाही.

इसार देण्याआधी मौजा आणि खसरा क्रमांक घेऊन मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत स्वतः काढा: शहरात महापालिका किंवा नासुप्रकडून (नागपूर सुधार प्रन्यास), बाहेरच्या महानगर क्षेत्रात एनएमआरडीएकडून (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). दलालाने आणून दिलेली चालत नाही. तिच्यावरची मापं आणि चतुःसीमा विक्रीपत्राच्या मसुद्याशी जुळवा. ‘पूर्वेस रस्ता’ लिहिलंय, तर नकाशात तिथे रस्ताच हवा. मग भूमी अभिलेखकडून मोजणी. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठाहून जास्त असलेला नवा प्रकल्प असेल, तर महारेराचा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांकही तपासा.

फसल्यावर पोलिसांकडे आणि दिवाणी कोर्टात जाता येतं, पण रोखीत दिलेली रक्कम विक्रीपत्रात लिहिलेली नसली, तर ती दिली हे दाखवायला कागदच उरत नाही.