गंगावेशचा दूध कट्टा : म्हैस समोर, पेला हातात

कोल्हापूरला आलेल्या पाहुण्याला पहिल्या संध्याकाळी कुठे न्यावे, यावर आमच्या घरात दर वेळी वाद होतो. मुलांना मिसळ नाही तर रंकाळ्यावरची भेळ सुचते, सासूबाईंना अंबाबाईचे दर्शन; माझे मत मात्र वर्षानुवर्षे गंगावेशच्या दूध कट्ट्याच्या बाजूने पडत आले आहे. तांबडा-पांढरा रस्सा आता पुण्या-मुंबईतही मिळतो, बरावाईट कसा का असेना. पण भर पेठेत रस्त्याकडेला उभी असलेली म्हैस, तिच्या कासेशी बसलेला गवळी आणि भोवती पेल्याची वाट पाहणारी गिऱ्हाइके, हे दृश्य मला माझ्या गावाबाहेर कुठेही आढळलेले नाही.

महाद्वार रोडने पापाच्या तिकटीवरून चालत निघाले की पंधरा मिनिटांच्या आत गंगावेश येते. चारचाकी नेण्याच्या फंदात पडू नये. पाटी शोधत बसण्याचेही कारण नाही, कारण दिवेलागणीनंतर तिथे लागलेल्या म्हशी हीच पाटी असते. टेबल, खुर्ची, यादीपत्रक यांपैकी काहीही नाही. आपण थांबायचे, गवळी म्हशीच्या सडांवर पाण्याचा हात फिरवतो, ती पान्हावते आणि मग भांड्यात पडणाऱ्या पहिल्या धारांचा तो पत्र्यावरचा कोरडा आवाज हळूहळू फेसात बुडून मऊ होत जातो. हा आवाज ऐकण्यासाठी म्हणून मी एक पाऊल पुढे उभी राहते, हे कबूल करायला हरकत नाही. घाई केली तर उत्तर ठरलेले असते : “ताई, फेस बसू दे जरा, मग माप बघा.” आणि ते योग्यच असते, कारण ताज्या धारेच्या पेल्यात वरचा मोठा भाग नुसता फेस असतो, तो बसल्यावर पेला पुन्हा भरून देणारा गवळी चांगला, ही माझी साधी कसोटी आहे.

चवीविषयी लिहायचे तर पिशवीतल्या दुधाची सवय झालेल्या जिभेला हे दूध पहिल्या घोटात परके वाटते. ते ना गरम असते ना थंड. म्हशीच्या अंगाइतके, म्हणजे सुमारे 38 अंश कोमट असते. साखर घातलेली नसूनही गोडवा स्पष्ट जाणवतो, आणि मागून वैरणीचा किंचित वास येतो, जो काहींना आवडत नाही. आमच्या भागात पंढरपुरी म्हैस पुष्कळ. खांद्याच्याही मागे जाणारी तिची लांब शिंगे पाहून बाहेरची मुले दबकतात, पण जनावर गरीब असते, आणि परक्या माणसांच्या गर्दीतही धार देते. दारोदार म्हैस नेऊन गिऱ्हाइकासमोर दूध काढून देण्याची गवळ्यांची जुनी रीत याच गुणावर टिकली. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा बराच जास्त असल्यामुळे एक पेला रिचवला की रात्रीच्या जेवणाचा बेत आपोआप आखडतो.

या ठिकाणाचा खरा शेजार तालमींचा आहे. गंगावेश तालीम इथलीच, आणि राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, 1912 मध्ये सुरू झालेले खासबागचे मैदानही फार दूर नाही. मेहनत करून आलेल्या पैलवानाला थंडाई आणि दूध लागते, तेही मापाने नव्हे तर पोटाने. ती भूक या पेठांतल्या गवळ्यांनी भागवली. आज कट्ट्यावर पैलवानांपेक्षा कुटुंबे, शिकणारी मुले आणि मोबाईल उंच धरून चित्रण करणारे पाहुणे अधिक दिसतात. त्याबद्दल मला तक्रार नाही. फक्त धार काढताना म्हशीच्या तोंडावर दिवा मारू नये, एवढी विनंती आहे.

1963 साली स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघामुळे जिल्ह्याचे दूध पिशवीतून मुंबई-पुण्याला जाते, आणि आमच्या दारातही रोज पहाटे तीच पिशवी पडते. तरीही कट्टा चालतो, तो केवळ हौसेमुळे नव्हे. कोल्हापूरकर खाण्यापिण्याच्या बाबतीत मुलखाचा चिकित्सक. दुधात पाणी आहे की नाही, या प्रश्नावर त्याला कागदावरचा आकडा नको असतो, डोळ्यांसमोरचा पुरावा हवा असतो. इथे दूध आणि पेला यांच्या मध्ये काही शिरायला जागाच नाही. पिशवीपेक्षा दर चढा असूनही पैसे द्यायला हात आखडत नाही, तो यामुळे.

आता आक्षेप. दूध भेसळीचे नाही म्हणजे ते निर्जंतुक आहे, असे होत नाही. निरशा दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार पसरू शकतात; डेअरीत दूध 72 अंशांवर 15 सेकंद तापवतात ते उगाच नाही. त्यामुळे गरोदर बायका, लहान मुले, म्हातारी माणसे आणि आजारातून उठलेले यांना मी तिथे पेला देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. शहरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी एकाच बादलीत सगळे पेले बुचकळून काढताना पाहिल्यापासून मी घरचा स्टीलचा पेला पिशवीत घेऊनच निघते. आरंभी याचे हसू झाले, आता आमच्या गल्लीतल्या दोघीतिघी तसेच करतात.

पाहुणे दिवाळीत येणार असतील तर त्यांना पाडव्याला बोलवावे, कारण त्या दिवशी शहरातले गवळी शिंगे रंगवलेल्या, मोरपिसे लावलेल्या म्हशी घेऊन रस्त्यावर उतरतात, आणि एरवी अंधारात मुकाट उभी असणारी आपली म्हैस मिरवताना पाहायला मिळते. इतर दिवशी अंधार पडल्यावर, रिकाम्या पोटी आणि झाकणाचा डबा घेऊन जावे. एक पेला तिथे, लिटरभर घरी. ते उकळून रात्रभर झाकून ठेवले की सकाळी त्यावर भाकरीसारखी उचलता येणारी साय धरलेली असते, आणि ती कोणाच्या वाटणीची यावरून आमच्या घरात दुसरा वाद सुरू होतो.