रत्नागिरी की सिंधुदुर्ग: मतदारवयाचा समाज वंशाच्या दृष्टीने कुठे अधिक मिश्र?

भारताची जनगणना वंश नोंदवत नाही, धर्म आणि अनुसूचित जाती-जमाती नोंदवते. त्यामुळे तुलना त्याच आधारे करावी लागते. २०११ च्या जनगणनेत, सर्व वयोगट धरून, मुस्लिमांचे प्रमाण रत्नागिरीत सुमारे साडेअकरा टक्के, तर सिंधुदुर्गात तीन टक्क्यांच्या आसपास होते. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी, मालवणकडे ख्रिस्ती वस्तीही आहे. मला मात्र स्त्री-पुरुष प्रमाण अधिक बोलके वाटते. दर हजार पुरुषांमागे सिंधुदुर्गात १,०३६ आणि रत्नागिरीत तब्बल १,१२२ स्त्रिया होत्या, कारण खेड-दापोलीकडचे कमावते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, तर खाडीकाठचे कित्येक जण आखाती देशांत जातात. परदेशस्थ भारतीय नागरिकाचे नाव मतदार यादीत घालता येते, पण मत देण्यासाठी त्याला स्वतः गावच्या केंद्रावर यावे लागते, आणि हे अनेकांना परवडत नाही.