कार्लो अकुतिसची नऊ इंची मूर्ती: लॅपटॉप झकास, बुटांचं काय ते विचारू नका

भाच्याचं कन्फर्मेशन होतं (चर्चमधला श्रद्धा पक्की करायचा विधी, त्यात एखाद्या संताचं नाव घेतात), त्याने नाव घेतलं कार्लो, मग गिफ्ट काय द्यायचं हा प्रश्नच नव्हता, कॅम्पातल्या एका दुकानात जिथे मेणबत्त्या, रोझऱ्या, फ्रेमा मिळतात तिथे गेले आणि कार्लो अकुतिसची, म्हणजे त्या लॅपटॉपवाल्या कोवळ्या कॅथलिक संताची, मूर्ती घेतली. रेझिनची, नऊ इंची, ८५० सांगितले, ७५० ला दिली. दुकानाचं नाव लिहीत नाही, अंकल स्वभावाने चांगले आहेत.

घरी येऊन बॉक्स उघडला आणि नजर थेट पायांवर. काळे चकचकीत शाळेचे बूट! अहो, ज्याच्या बुटांची जगभर चर्चा झाली असा हा संत. इटलीत असिसीला काचेमागे त्याचा देह ठेवलाय तो जीन्स, ट्रॅकसूटचं जॅकेट आणि नायकीच्या शूजमध्ये, लांबलांबून लोक बघायला जातात, आपल्या घरातल्याच कुणा पोराला झोपलेलं बघावं तसं वाटतं म्हणतात. आणि इथे इस्त्रीची पँट. केसही चापून भांग पाडलेले, खऱ्या कार्लोचे चांगले कुरळे होते. मला तर दाट संशय आहे की संत डॉमिनिक साव्हियोच्या जुन्या साच्यालाच लॅपटॉप चिकटवलाय, तोही कोवळ्या वयातच गेला ना, १८५७ मध्ये, पंधरावं पण पूर्ण नव्हतं झालं, म्हणजे वय जुळतं म्हणून खपवलं असणार. आणि कार्लोच म्हणायचा की सगळे ओरिजिनल जन्माला येतात पण बरेच जण झेरॉक्स होऊन मरतात, त्याचीच झेरॉक्स काढली की हो!

लॅपटॉप मात्र फार सुंदर केलाय, स्क्रीनवर बारीकसा कालिस (मिस्सेतला प्याला) आणि ओस्ती (कम्युनियनला देतात ती पातळ गोल भाकर) रंगवलीये, ब्रश कुणाचा असेल त्याला मानलं. त्याचं मुख्य काम तेच होतं, पवित्र कम्युनियनचे जगभरातले चमत्कार शोधून शोधून त्याची वेबसाइट केली पोराने, पुढे त्याचं प्रदर्शन देशोदेशी फिरलं. जन्म लंडनचा, १९९१, वाढला मिलानमध्ये, आणि २००६ च्या ऑक्टोबरमध्ये ल्युकेमियाने थोड्या दिवसांत गेला. १५ वर्षं फक्त. आमचा भाचा आत्ता १४ चा आहे, त्यामुळे हे लिहितानाही कसंतरी होतं.

सोबत एक प्रेयर कार्ड फ्री होतं, त्यावर ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) छापलेलं आणि वर ‘संत’चा स्टिकर, तोही तिरका. त्यात लिहिलंय की कार्लो आठवड्यातून एकच तास प्लेस्टेशन खेळायचा. ताईने ते कार्ड लगेच फ्रिजवर लावलं. भाचा म्हणतो, मावशी, तू गिफ्ट आणलंस का शिक्षा?

अजून एक गंमत, काउंटरवर कीचेन होत्या २० रुपयांना, त्यावर संतपदाची तारीख २७ एप्रिल २०२५. ठरलं तसंच होतं, पण २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस गेले आणि सोहळा पुढे ढकलला, शेवटी ७ सप्टेंबरला पोप लिओंनी केला. माल आधीच छापून बसलेला. मी दोन घेतल्या, चुकीच्या तारखेची वस्तू पुढे भाव खाते असं आमचे बाबा तिकिटांबद्दल सांगायचे.

त्याच दिवशी पिएर जॉर्जो फ्रास्साती पण संत झाला, डोंगर चढणारा, २४ व्या वर्षी गेलेला, त्याचं काहीच नाही दुकानात. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या पुण्यात हा संत हातोहात खपेल, अंकलना सांगून आलेय, बघू मनावर घेतात का.

पॅकिंग नीट होतं, थर्माकोल वगैरे, कुठे टवका नाही. पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन लॅपटॉपचे.

ता.क.: भाच्याने व्हाइटनरने बूट पांढरे केलेत. नायकीची खूण काढताना हात हलला, पण आता ओळखू येतोय.