शहरातल्या ट्रॅव्हल मासिकाला स्टोरी पिच करणं : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

काल रात्री संपादक मॅडमचा मेल आला, कानबाईची, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाची, स्टोरी घेतोय, ८०० शब्द पाठवा. आठ महिने, नऊ पिच (म्हणजे स्टोरीची कल्पना थोडक्यात लिहून पाठवणं), आणि हा पहिला होकार. रात्रभर झोप नाही लागली.

पण आधी तक्रार. ही लोकं उत्तरच देत नाहीत. अरे नाही म्हणा ना, एक ओळ लागते. तोरणमाळ, पाटणादेवी, उनपदेव, खान्देशातल्या ह्या तिन्ही ठिकाणी स्वतःच्या पेट्रोलने फिरून फोटो काढून पाठवले, पुढे सगळं गप्प. दुसऱ्या मासिकाला द्यावं तर एकच स्टोरी दोन ठिकाणी गेली म्हणून नाव खराब व्हायची भीती, न द्यावं तर पिच महिना-महिना अडकून पडते, आणि पेट्रोलचे पैसे तर गेलेच. हे मला आजही पटत नाही.

एक मत मात्र बदललं. मला वाटायचं ह्यांना खान्देश नकोच, कोकण आणि महाबळेश्वरच पाहिजे. मग जानेवारीच्या शेवटी भरिताची पिच टाकली, जळगावच्या भरिताच्या वांग्याचं २०१६ चं जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, सगळं घातलं. तेव्हा पहिल्यांदा उत्तर आलं, फेब्रुवारीचा अंक छापायला गेला, मार्चच्या उन्हात वाचक शेतात भरीत खायला येईल का? बरोबरच होतं त्यांचं. दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची पिचसुद्धा मी दत्तजयंती दहा दिवसांवर आल्यावर पाठवली होती. अंकाचं काम दोन-तीन महिने आधीच सुरू असतं. आणि मी पाठवत होतो ती नुसती ठिकाणं, त्यात माणूसच नव्हता.

म्हणून कानबाई एप्रिलमध्येच पाठवली, श्रावणाच्या चार महिने आधी. माहिती कमी, आमचं घरच जास्त. काकू परातीपुढे बसून घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेत सव्वा मूठ गहू टाकते, सुरतला गेलेल्या भावांचीपण मूठ पडते, आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाईला, त्या गव्हाचे रोट (प्रसादाच्या जाड पोळ्या) खायला सगळे गाडी पकडून येतातच. पिचमध्ये एवढंच होतं, पाच ओळी.

मानधन छापून आल्यावर मिळणार म्हणे. फोटोंचे वेगळे देणार का, असं लगेच विचारलंय. त्याला अजून उत्तर नाही.