टॉर्क कन्व्हर्टर लॉकअप: बटण, व्हॅक्यूम किट की कंट्रोलर?

ऑटोमॅटिक गाडीत इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, आणि त्याच्या आतला क्लच लागून दोन्ही थेट जोडले जातात ते लॉकअप. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत जीएमचा (जनरल मोटर्सचा) ७००आर४ किंवा २००-४आर सारखा लॉकअपवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला की हा प्रश्न येतोच, लॉकअप आता चालवायचं कोणी? ज्या गाडीतून गिअरबॉक्स काढला तिच्यात बहुतेक वेळा कॉम्प्युटर ते बघायचा, तो काही बरोबर आलेला नसतो. मग कोणी सांगतं डॅशवर बटण लाव, कोणी व्हॅक्यूम किट, कोणी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, आणि एकजण असतोच जो म्हणतो वायर जोडूच नको, गाडी चालतेय ना.

त्या शेवटच्याचं आधी उरकतो. गाडी चालते हे खरं, पण लॉकअप नसलं की इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात फक्त ऑइल असतं, दोन्ही बाजूंच्या आरपीएममध्ये थोडा फरक (स्लिप) राहतोच आणि तो फरक म्हणजे निव्वळ उष्णता. ७००आर४ चा चौथा गिअर ०.७० चा आहे, म्हणजे हायवेला इंजिन एकदम खाली फिरतं, आणि कन्व्हर्टर जास्त स्टॉलचा (म्हणजे जास्त आरपीएमला नीट पकड घेणारा) असेल तर नेमकं तिथेच स्लिप वाढतं. फक्त गावात फिरणारी गाडी असेल तर ठीक, हायवे करणार असाल तर हा पर्याय सोडून द्या.

आता उरले तीन. लोक तुलना करताना फक्त लॉकअप कधी लागतं ते बघतात, माझ्या मते ते सुटतं कसं यावर निवड करायला हवी. लागायला दोन सेकंद उशीर झाला तर काही बिघडत नाही. पण एक्सलेटर दाबल्यावर सुटलं नाही तर सगळा टॉर्क लॉकअप क्लचच्या त्या एका पातळ लायनिंगवर येतो, वर कन्व्हर्टर जो टॉर्क वाढवून देतो तोही मिळत नाही, आणि थांबताना सुटलं नाही तर इंजिन थेट बंद पडतं, मॅन्युअल गाडीत क्लच न दाबता थांबल्यासारखं.

बटण: सगळ्यात स्वस्त, वायरिंग सोपं, आणि घाटात किंवा लांब चढावर कधी लॉक ठेवायचं ते तुमच्या हातात. अडचण एकच, तुम्हाला लक्षात ठेवावं लागतं, आणि गाडी दुसऱ्या कोणी चालवली की संपलं. त्यामुळे नुसतं बटण लावू नका, ब्रेकवर सुटेल अशी सोय हवीच. इथे बरेचजण फसतात, ब्रेक लाइटच्या स्विचमधून सरळ वायर घेतात, पण तो स्विच पेडल दाबल्यावर करंट देतो आणि आपल्याला तर दाबल्यावर करंट तुटायला हवाय. त्यासाठी पाच पिनचा रिले घ्या, फ्यूजमधून आलेला इग्निशनचा करंट ३० नंबरच्या पिनवर, सोलेनॉइडची (लॉकअप लावणाऱ्या, करंटवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची) वायर ८७ए वर, ब्रेक लाइटची वायर ८६ वर आणि ८५ अर्थ. पाय ब्रेकवर गेला की रिले खेचतो आणि ८७ए सुटतं. तिन्ही पर्यायांत ही ब्रेकची सोय लागतेच, काही किटमध्ये वेगळा स्विच येतो तेव्हा रिले लागत नाही.

व्हॅक्यूम किट मला साध्या इंजिनासाठी सगळ्यात आवडतं. एक व्हॅक्यूम स्विच (इंजिन हवा ओढतं तेव्हा तयार होणाऱ्या व्हॅक्यूमवर चालणारा), एक ब्रेक स्विच आणि गिअरबॉक्सच्या आत चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच, बस. तो चौथ्या गिअरचा स्विच टाळू नका, कारण ७००आर४ मध्ये लॉकअप दुसऱ्या-तिसऱ्यातही लागू शकतं आणि मग ट्रॅफिकमध्ये नुसतं लाग-सूट चालू राहतं. व्हॅक्यूमची नळी कुठे लावता त्यावर बरंच ठरतं. इनटेक मॅनिफोल्डला लावली तर एक्सलेटर सोडल्यावर व्हॅक्यूम उलट वाढतो, म्हणजे ब्रेक दाबेपर्यंत गाडी लॉकच. कार्ब्युरेटरच्या पोर्टेड पोर्टला (थ्रॉटलच्या झडपेच्या वर असलेल्या भोकाला) लावली तर थ्रॉटल बंद झालं की व्हॅक्यूम जातो, जोरात दाबलं तरी जातो, म्हणजे दोन्हीकडून आपोआप सुटतं आणि आपल्याला हेच हवंय. स्विचवर ॲडजस्टमेंटचा स्क्रू असेल तर एका वेळी अर्धा फेराच फिरवा, मग त्याच रस्त्यावर परत बघा. हलक्या चढावर सारखं सुटत असेल तर स्विचचा व्हॅक्यूमचा आकडा खाली घ्या.

पण मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट) असलेलं इंजिन असेल तर व्हॅक्यूम किटच्या नादी लागू नका. व्हॅक्यूम आधीच कमी आणि वर-खाली होणारा, स्विच कुठेही सेट केला तरी धड चालत नाही.

तिथे कंट्रोलर. स्पीड आणि थ्रॉटल पोझिशन दोन्ही बघून निर्णय घेतो, काहींना ऑइलचं तापमानही कळतं म्हणजे गाडी थंड असताना लॉक करत नाही. महाग आहे, कार्ब्युरेटरला थ्रॉटल सेन्सर बसवायचा खटाटोप आहे, पण सुटण्यावर इतका कंट्रोल दुसरीकडे मिळत नाही. सेट करताना लागायचा आणि सुटायचा स्पीड एकच ठेवू नका, लागणं ७५ ला तर सुटणं ६५ ला असं अंतर ठेवा, नाहीतर ७० च्या आसपास चालवताना गाडी वेड लावते आणि प्रत्येक वेळी लायनिंग घासतं. कंपनीच्या कॉम्प्युटरवाल्या नव्या गाडीत ट्यूनिंग करून हेच आकडे बदलता येतात, तिथेही हेच अंतर पाळा. एक फरक मात्र लक्षात ठेवा, काही नव्या कन्व्हर्टरचा क्लच मुद्दाम थोडा स्लिप होत राहील असाच बनवलेला असतो, तिथे स्लिप शून्य करायच्या मागे लागू नका.

थोडक्यात सांगायचं तर साधं इंजिन, रोजची गाडी, व्हॅक्यूम किट. मोठा कॅम किंवा ओढायला ट्रेलर, कंट्रोलर. एकटेच चालवणार असाल आणि सवय असेल तर बटण आणि रिले.

लॉकअप खरंच लागतंय का ते बघायचं तर मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना, चौथ्या गिअरमध्ये एक्सलेटर स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल फक्त टेकवा, गाडीला ब्रेक लागता कामा नये. टॅकोमीटर दोन-तीनशे आरपीएम वर उडाला आणि पाय काढल्यावर परत खाली बसला तर लागतंय. काटा हललाच नाही तर आधी सोलेनॉइडला करंट पोचतोय का बघा. आणि लॉक झाल्यावर गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरत असेल तर कुठलाही स्विच फिरवून ते जाणार नाही, आधी ऑइल बदला, तरीही राहिलं तर कन्व्हर्टर काढायची वेळ आली. तसंच ७००आर४ असेल तर या सगळ्याच्या आधी टीव्ही केबल (थ्रॉटल व्हॉल्व्हची, एक्सलेटर किती दाबलाय ते गिअरबॉक्सला कळवणारी) नीट लावून घ्या, ती चुकली की आतले क्लच जळतात आणि लोक लॉकअपच्या वायरी तपासत बसतात.